माथाडी मंडळाचं पासबुक आणि भावाचं गोदाम

वेल्ह्याची लेक

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचायलाच येते, लिहिणं फार होत नाही. आज मात्र एक गोष्ट सांगायची आहे आणि शेवटी सल्लाही मागायचा आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तात्या जाऊन चार महिने झाले. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात त्यांनी तीस वर्षं हमाली केली. गेल्या रविवारी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. वर लग्नातलं उपरणं, त्याखाली आकडा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, पोतं ओढायला हमालांच्या हातात लोखंडी आकडा असतो. तात्यांच्या आकड्याची लाकडी मूठ घामाने इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात अंगठ्याचा खळगा पडला होता. आकड्याच्या खाली बिल्ला, हमाल पंचायतीच्या, म्हणजे हमालांच्या संघटनेच्या, वर्गणीच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा आणि प्लास्टिकच्या पिशवीत माथाडी मंडळाचं पासबुक. माथाडी म्हणजे ओझं वाहणारे कामगार, आणि त्यांची नोंदणी करून मजुरी जमा करणारं, वाटणारं कायद्याने नेमलेलं मंडळ ते माथाडी मंडळ.

पासबुक बघून आई म्हणाली, "हे होतं म्हणून आपण राहिलो." ते खरंच आहे. कसं ते सांगते.

तात्या १९७९ साली वेल्ह्याहून पुण्यात आले. पहिली तीन वर्षं बदली हमाल होते. म्हणजे टोळीतला कुणी गावी गेला, आजारी पडला, तरच काम. संध्याकाळी व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि तो देईल ते घ्यायचं. ८२ साली एका टोळीत नाव लागलं. टोळी नोंदणीकृत होती, त्यामुळे मजुरी मंडळात जमा व्हायची आणि तिथून टोळीच्या माणसांत सारखी वाटली जायची. व्यापाऱ्याला मजुरीच्या वर लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, भरावी लागायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस. डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला बोनस! आमच्या गावात त्या वेळी शाळेच्या मास्तरांनासुद्धा हे खरं वाटायचं नाही.

पण पासबुकाचा खरा उपयोग कळला ९३ साली. साखरेची थप्पी लावत असताना वरचं पोतं घसरलं आणि तात्यांच्या कमरेवर आलं. तेव्हा पोती शंभर किलोची असायची. दोन महिने ते अंथरुणावर होते. आई गाळ्यावर गेली तर मालक सरळ म्हणाले, "हा माणूस आमच्याकडचा नाही. बाजारात शंभर हमाल फिरतात, मी कुणाकुणाचं बघू?" (नाव लिहीत नाही. आता तेही हयात नाहीत.) मी तेव्हा सात वर्षांची होते, आईचा पदर धरून तिथेच उभी होते. तिने मला उचलून कडेवर घेतलं, एवढं आठवतं. सात वर्षांच्या पोरीला कोण कडेवर घेतं? तिला काहीतरी घट्ट धरायला हवं होतं, हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संघटनेचे दोन कार्यकर्ते घरी आले. त्यांनी भाषण वगैरे काही केलं नाही. पासबुक मागितलं, टोळीचा नंबर लिहून घेतला आणि त्या दिवशी कुठल्या गाळ्यावर किती पोती उतरली त्याची टोळीच्या मुकादमाकडची नोंद काढली. पुढच्या आठवड्यात तेच मालक भरपाईबद्दल बोलायला तयार झाले. त्या दोन महिन्यांत टोळीने तात्यांचा वाटा बंद केला नाही. अकरा जण काम करत होते आणि मजुरीचे बारा भाग होत होते.

मावशी तेव्हा 'कष्टाची भाकर'मध्ये भाकरी थापायला जायची. हमाल पंचायतीने १९७४ साली हे केंद्र सुरू केलं, राबणाऱ्या माणसाला ना नफा ना तोटा दरात पोटभर जेवण मिळावं म्हणून. हमालांच्या घरच्या कितीतरी बायकांना तिथे काम मिळालं. तात्या पडून होते तेव्हा टोळीच्या वाट्याशिवाय घरात तेवढाच एक पगार येत होता.

आता माझा प्रश्न. माझा धाकटा भाऊ नगर रस्त्याच्या बाजूला एका मोठ्या गोदामात काम करतो. ऑनलाइन मागवलेला माल तिथे येतो आणि तिथून पुढे जातो. गाडी उतरवणं, खोकी लावणं, पुन्हा गाडी भरणं हेच त्याचं काम. तात्यांचंच काम, फक्त पोत्याच्या जागी खोकं आणि अंगात कंपनीच्या रंगाचं जाकीट. पगार कंत्राटदार देतो, तोही कधी सात तारखेला, कधी वीसला. पगाराची पावती नाही. गेल्या महिन्यात त्याच्याबरोबरच्या एका मुलाच्या पायावर माल ठेवायचं पॅलेट पडलं. सुपरवायझर काय म्हणाला? "तो आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे."

भावाने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. तीस वर्षांनी तेच वाक्य.

तर या पोरांना माथाडी मंडळात जाता येईल का? सुरुवात कुठून करायची? आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं पासबुक असेल तर तेही सांगा. मला ऐकायचं आहे.

घणसोलीकर

ताई, वाचताना गळा दाटून आला. आमच्या घरी असं पासबुक आहे. आजोबांचं.

आजोबा पाटण तालुक्यातले. मुंबईत मस्जिद बंदरला कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे. सातारा, पुणे, अहमदनगरच्या डोंगरपट्ट्यातली हजारो माणसं तेव्हा तशीच आली. खोलीत वीस-वीस जण, झोपायची पाळी लावून. ते सांगायचे, कायद्याच्या आधी हमालाला गाळ्यात पाणीसुद्धा मागून प्यावं लागायचं, आणि मजुरी ठरायची ती मुकादमाच्या मर्जीने. अण्णासाहेब पाटील पाटणचेच. त्यांनी ही विखुरलेली माणसं एकत्र केली, संप केले, सरकारदरबारी झगडले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते '६९' हा आकडा ओळखायचे. कॅलेंडरवर, गाडीच्या नंबरप्लेटवर कुठेही दिसला की बोट ठेवून दाखवायचे.

पुढे बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला हलला. त्या वेळी सगळ्यात मोठी भीती होती ती कामाची. गाळे नवीन, जागा नवीन, व्यापारी म्हणतील आता नवीन माणसं ठेवतो. संघटनेने आग्रह धरला की बाजार जाईल तिथे त्या बाजाराच्या टोळ्याही जातील. आणि कामाच्या जवळ घरं. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत माथाडींना घरं मिळाली ती त्या प्रयत्नांतून. आम्ही राहतो ते घर तेच. आता वर दोन मजले चढले, पण खालच्या खोलीची फरशी आजोबांनी बसवलेली आहे.

घर मिळालं नसतं तर माझे वडील शिकले नसते, आणि मी आज इथे टाइप करत बसलो नसतो. कोपरखैरण्याला माथाडी रुग्णालय आहे, माझा जन्म तिथला.

तुमच्या भावाच्या गोदामाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार सांगतील. एकच सांगतो, एकट्याने जाऊ देऊ नका. सगळी टोळी घेऊन जा.

मोगरा

"अकरा जण काम करत होते आणि मजुरीचे बारा भाग होत होते." ताई, हे वाचून थांबले थोडा वेळ. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

भोसरी एमआयडीसी

लेखिकेच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नये.

माझं लहान वर्कशॉप आहे, बावीस माणसं. महिन्यातून दोनदा मशीनचा सुटा भाग किंवा पत्र्याची गाडी येते. क्रेनने आम्हीच उतरवतो. तीन वर्षांपूर्वी गाडी गेटवर आली की चार जण मोटरसायकलवरून यायला लागले. "आम्ही माथाडी. माल आमच्याशिवाय उतरणार नाही." बरं, उतरवा म्हटलं तर हात लावायचे नाहीत. गाडीमागे पैसे द्या आणि तुमचं तुम्ही उतरवा. नाही म्हटलं तर ड्रायव्हरला दमदाटी. चाकण-तळेगावात माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना हाच अनुभव आहे. माझ्यासारख्या छोट्या माणसाला माथाडी हा शब्द ऐकला की धडकी भरते, आणि हे फार वाईट आहे. कारण माझे स्वतःचे मामा दाणाबाजारात हमाल होते.

वेल्ह्याची लेक

राग कसला, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तात्यांना या गोष्टीचा फार संताप यायचा. ते म्हणायचे, ज्याच्या पाठीला घट्टा नाही तो माथाडी कसा? त्यांच्या पाठीवर, मानेच्या खाली, पोत्याच्या कोपऱ्याने पडलेला घट्टा होता, हाताच्या तळव्याएवढा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे, त्यांना कळायचंसुद्धा नाही.

नाव आमचं लावून खंडणी मागणारे लोक खऱ्या हमालाचंच पोट मारतात. व्यापारी, कारखानदार कायद्यापासून दूर पळतो, आणि मग सरकारलाही कायदा सैल करायला निमित्त मिळतं. तुमच्या मामांचा बिल्ला घरात आहे का अजून?

भोसरी एमआयडीसी

बिल्ला मामीकडे आहे. देवघरात ठेवलाय.

वकीलकाकू

धागा उशिरा पाहिला. कामगार न्यायालयात वीस-बावीस वर्षं जाते, म्हणून दोघांनाही सांगते.

आधी भोसरीकरांना. खरा माथाडी कामगार मंडळाकडे नोंदलेला असतो, त्याच्याकडे ओळखपत्र असतं आणि मजुरी मंडळाच्या मार्फत जाते. गेटवर रोख मागतो तो माथाडी नाही. ओळखपत्र मागा, टोळी क्रमांक विचारा, पैसे हातात देऊ नका आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. नोंदणीकृत संघटनासुद्धा तुमच्या बाजूने उभ्या राहतील, कारण अशा लोकांनी त्यांचं नाव खराब केलंय.

आता ताईंच्या भावाबद्दल. कायद्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९'. त्याला जी कामाची अनुसूची, म्हणजे यादी, जोडली आहे ती नीट वाचा. त्यात चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, वजन करणे, मापणे, भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे अशी कामं येतात. पोतं की खोकं, यावर काही अडत नाही. पाहायचं एवढंच की ते गोदाम ज्या प्रकारच्या धंद्यात मोडतं तो अनुसूचीत आहे का, आणि त्या भागात कोणतं मंडळ लागू आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही सुपरवायझरला कुणी सांगितलेली नसते. कामगार कंत्राटदारामार्फत लावला असला, तरी या कायद्यात मालक म्हणजे मूळ मालक. "तो कंत्राटदाराचा आहे" या उत्तराला इथे जागा ठेवलेलीच नाही. कायदा करणाऱ्यांना बाजारातली ही सबब चांगली माहीत होती. मुकादम मध्ये ठेवून हात झटकणं तेव्हाही चालायचंच.

मंडळाची रचनाही समजून घ्या. मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारचे प्रतिनिधी असे तिघे त्यात असतात. मालकाने नोंदणी करायची, कामगारांची नोंदणी व्हायची, मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची. मजुरी आणि माणूस यांच्यामध्ये कुणाची मर्जी उरू नये, हा या रचनेचा गाभा. देशात फार थोड्या ठिकाणी असं काही झालं. याच धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला.

अडचणही सांगते, खोटी आशा लावायची नाही. मोठी गोदामं म्हणतात, आमच्याकडे खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट आहे, माल वाहणारे सरकते पट्टे आहेत, हे अंगमेहनतीचं काम नाही. २०२३ साली विधिमंडळात माथाडी कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा संघटनांचा मोठा आक्षेप याच मुद्द्यावर होता, की यंत्राच्या मदतीने होणारं काम बाहेर काढलं तर आजच्या काळात आत उरेल कोण? हमाल पंचायतीचे संस्थापक बाबा आढावांनी नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा या विधेयकाच्या विरोधात आवाज उठवला. म्हणून भावाला सांगा, यंत्र कुठे थांबतं आणि माणसाची पाठ कुठे सुरू होते ते लिहून ठेव. गाडीच्या आतली खोकी हाताने काढावी लागतात ना? किती वजनाची? दिवसाला किती?

आणि मंडळाची वाट पाहत बसू नका. तोवर हे करा. प्रत्येकाने आपला पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आहे का ते पाहावं, असल्यास खात्यात खरोखर पैसे पडतात का तेही पाहावं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो, दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना. पाय मोडलेल्या मुलाचे दवाखान्याचे सगळे कागद जपा. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे.

आणि रोजची वही. गाडीचा नंबर, वेळ, कोण कोण होतं, किती खोकी. साध्या दोनशे पानी वहीत. मी कोर्टात अशा वहीने जिंकलेल्या केसेस पाहिल्या आहेत.

पाटीवाली

मी कचरावेचकांच्या संघटनेत बरीच वर्षं काम केलं, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत. ताईंनी विचारलंय सुरुवात कुठून करायची, म्हणून आमची सुरुवात सांगते.

१९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची परिषद झाली आणि त्यातून संघटना उभी राहिली. हमालांच्या चळवळीचा हात पाठीवर होताच, बाबा आढाव पहिल्यापासून सोबत होते. लोक विचारायचे, यांची कसली युनियन? यांना मालकच नाही. संप कुणाविरुद्ध करणार? प्रश्न बरोबर होता. हमालाला निदान गाळ्याचा मालक दाखवता येतो. आमची बाई पहाटे पाचला उकिरड्यावर जायची, दुपारी भंगारवाल्याकडे माल घालायची. पोलिसाने हटकलं की चोर, कुत्र्याने चावलं की नशीब.

तर आम्ही पहिलं काय मागितलं? ओळखपत्र. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी त्यावर मोहोर उमटवली. मला आजही आठवतं, एका आजीने कार्ड हातात घेतलं, स्वतःच्या फोटोवरून हात फिरवला आणि पदराच्या गाठीत बांधलं. पैसे बांधतात तसं. म्हणाली, "आता कुणी विचारलं तू कोण, तर दाखवीन." तोवर तिचं नाव फक्त रेशन कार्डावर होतं, तेही नवऱ्याच्या खाली.

मग बाकीच्या गोष्टी आल्या. पतसंस्था, म्हणजे सावकाराच्या दारात जाणं थांबलं. महापालिकेने हप्ता भरलेला आरोग्य विमा. पोरांना शिष्यवृत्ती. मग २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आणि महापालिकेशी करार, ज्यामुळे बायका उकिरड्यावरून घरोघरी आल्या. दारोदारचा कचरा घ्यायचा, घराघरातून महिन्याचं शुल्क, आणि सुका माल विकायचा हक्क त्यांचाच.

त्याच वर्षाच्या शेवटी जगभर मंदी आली. त्या मंदीचा फटका आमच्या बायकांना कसा बसला हे कुणी लिहिलेलं मी फारसं पाहिलं नाही. पुठ्ठा, लोखंड, प्लास्टिक, सगळ्याचे भाव धडाधड पडले. आदल्या महिन्यात जेवढ्या मालात घर चालायचं, तेवढ्याच मालात अर्धा किराणा येईना. बाई विचारायची, "ताई, अमेरिकेत बँक बुडाली तर माझा पुठ्ठा का स्वस्त झाला?" संघटनेकडे जगाचा भाव वाढवायची ताकद नव्हती. पण पतसंस्था होती. ज्यांना घरोघरचं काम मिळालं होतं त्यांना शुल्काचा आधार होता. आणि संध्याकाळी कार्यालयात येऊन बसायला जागा होती. मला वाटतं त्या दिवसांत या शेवटच्या गोष्टीचाही फार उपयोग झाला. माणूस एकटा घरी बसला की वेगळेच विचार करतो.

भावाला म्हणावं, मागण्यांची यादी नंतर. आधी प्रत्येकाची ओळख कागदावर आण.

लातूरचा

माझी आई दाळ मिलमध्ये धान्य निवडायची. मुंडासं बांधून, तोंडाला पदर, दिवसभर धूळ. वकीलकाकूंनी अनुसूचीतली कामं लिहिली त्यात 'शिवणे, निवडणे, साफ करणे' वाचलं आणि चमकलो. म्हणजे आई या कायद्यात बसत होती?

आमच्याकडे हमालांची टोळी होती, टोळीत मामा होते. पण बायकांना कुणी सांगितलंच नाही. टोळीत जागा रिकामी झाली की मुलाला मिळायची. सुनेला, बायकोला नाही. संघटनेचं सगळं मान्य, तिने फार दिलं. पण हे राहिलं, आणि ते लिहिलं गेलं पाहिजे. आई आता सत्तरीची आहे. खोकला जात नाही.

वकीलकाकू

@लातूरचा, हो, बसत होत्या. असं उत्तर द्यावं लागतं याचं मला दुःख आहे. काही बाजारांत धान्य निवडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या बायकांना संघटनेत आणण्याचे प्रयत्न झाले, पण सगळीकडे नाही.

घणसोलीकर

@लातूरचा, आमच्याकडेही तेच. आजोबांची जागा काकांना मिळाली. आत्या भाजी मार्केटमध्ये गाळ्यांसमोर सांडलेला माल गोळा करायची, तिला कुणी टोळी म्हटलं नाही.

वेल्ह्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण नुसतं आभार मानून थांबायचं नव्हतं. काही झालं की सांगायचं असं ठरवलं होतं.

भावाने सुरुवातीला ऐकलं नाही. "ताई, तुझा आणि तात्यांचा जमाना वेगळा. इथे तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद." भीती खोटी नाही. त्याच्या आधीच्या तुकडीतल्या एकाला असंच घरी बसवलं. मग मी त्याला तात्यांचं पासबुक दिलं आणि काही बोलले नाही. घणसोलीकरांचं 'एकट्याने जाऊ देऊ नका' हे मात्र वाचून दाखवलं.

मागच्या रविवारी आमच्या घरी चौदा पोरं आली. बीडची, जालन्याची, दोन बिहारची, एक आमच्याच वेल्ह्याचा. आईने पिठलं-भाकरी केली. एवढ्या पोरांच्या भाकरी एकटीला होईनात म्हणून मावशीला बोलावलं. मावशीचा हात अजून तसाच चालतो, एक तव्यावर, एक परातीत. बिहारच्या पोरांनी पहिल्यांदा पिठलं खाल्लं. जेवताना एकेकाने नाव, गाव, कधीपासून कामाला, यूएएन आहे का, हे सांगितलं आणि वेल्ह्याच्या पोराने लिहून घेतलं. चौदापैकी पाच जणांकडेच यूएएन निघाला. त्या पाचांतल्या तिघांच्या खात्यात गेल्या वर्षभरात काही जमा नाही.

पाय मोडलेला मुलगाही आला होता, कुबडी घेऊन. त्याला दवाखान्याचे कागद विचारले तर म्हणाला, सुपरवायझरने 'फाइलला लावतो' म्हणून मूळ कागद नेले. तेव्हा आई पहिल्यांदा मध्ये बोलली. "मूळ कागद कुणाला द्यायचा नसतो रे." मग आईच त्याला घेऊन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली आणि नकला काढून आणल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन बस बदलून.

परवा सगळे मिळून संघटनेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कार्यकर्त्यांनी तासभर ऐकून घेतलं. अर्ज तयार करायला सांगितलाय, सगळ्यांच्या सह्यांनिशी. किती दिवस लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि त्यांनी उगाच तारीख दिली नाही हे मला आवडलं. यंत्राचा मुद्दा निघेल असं तेही म्हणाले. म्हणून भावाने मोजलं. गाडीच्या पोटात फोर्कलिफ्ट जात नाही. एका गाडीत आठशे-नऊशे खोकी, सगळी हाताने काढावी लागतात. काही खोकी पंचवीस किलोची, काही चाळीसच्या वर. तात्या असते तर म्हणाले असते, शंभरवरून खाली आणायला आम्ही केवढं भांडलो, आणि तुम्हाला चाळीसचं खोकं दिवसात शेकडो वेळा? बेरीज करा.

वही सुरू झाली आहे. दोनशे पानी, निळं पुठ्ठ्याचं कव्हर. आळीपाळीने लिहितात, ज्याची पाळी तो वही घरी नेतो. पहिल्या पानावर चौदा नावं आहेत. पंधरावं नाव त्या कुबडीवाल्या मुलाचं, तो सध्या कामावर नसला तरी. ते कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

@लातूरचा, तुमच्या आईंबद्दल मी कार्यालयात विचारलं. इतक्या वर्षांनी काय करता येईल हे ते बघून सांगतो म्हणाले. मला संदेश पाठवा, मी फोन जोडून देते.

वकीलकाकू, एक विचारायचं होतं. पुढच्या बुधवारी अर्ज द्यायचा आहे. वहीच्या झेरॉक्स किती लावायच्या?

वकीलकाकू

तीन. एक मंडळाला, एक संघटनेला, आणि एकीवर मंडळाची पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. मूळ वही कुणी मागितली तरी द्यायची नाही, तुमच्या आईंनी सांगितलंच आहे. आणि प्रत्येक पानावर खाली त्या दिवशी हजर असलेल्या दोघांच्या तरी सह्या हव्यात. आजपर्यंतच्या पानांवर नसतील तर आज रात्रीच घ्या.

वेल्ह्याची लेक

नाहीत. आत्ताच भावाला फोन करते.